जनरलसाहेब रजेवर

—हलू नको काय, सावनी? तू मिशी चिकटव ना, मी फक्त बोलतोय. बोलल्याशिवाय जनरल अंगात येणार कसा! तुलाही वाटत असेल, इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकात रशियन जनरल कशाला? सगळेच विचारतात. अगं, पण माणूस बघ! प्रिन्स ग्रिगोरी ओर्शान्स्की. पाळण्यात असतानाच रेजिमेंटमध्ये नाव घातलेलं — आपले लोक नाही का, डोहाळजेवणाआधी डे-केअरच्या वेटिंग लिस्टवर नाव टाकतात, तस्सं! गावंच्या गावं मालकीची. घरात फ्रेंच बोलणार, रशियन फक्त घोड्याशी. तोफा धडाडतायत आणि हा बुटांना पॉलिश नाही म्हणून नोकराला झापतोय! 'हल्ला' म्हटलं की हल्ला. नाहीतर ऑफिसातली आमची टीम — कॉम्प्युटरवर कामाचं साधं टिकेट अपडेट करा म्हटलं तरी — जाऊ दे.

मग एक दिवस झारचा निरोप. आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा! संपलं. एवढी वर्षं राबलेला माणूस, आणि लॅपटॉप परत करायला खोकं पाठवतात — तलवार गं, तलवार म्हणायचं होतं मला. घरी आला, प्रिन्सेसला म्हणाला, रजेवर आलोय. झालं! एकदा असं सांगितलं की रोज निभवावं लागतं. सकाळी उठा, दाढी करा, गळ्यात बॅज अडकवा — पदक! — आणि निघा. थंडीत जाणार कुठे? लायब्ररी उघडेपर्यंत गाडीत हीटर लावून बसायचं. तिथेच तर सापडलं मला याचं चरित्र... घोडागाडीत म्हणतोय मी. हसतेस काय?

हे बघ, तुझ्या शरयूकाकूंना, म्हणजे आमच्या प्रिन्सेसला, यातलं काही सांगायचं नाही. दुसरी नोकरी लागली की मीच सांगणार आहे. तिला वाटतं, मी अजून मॅनेजर आहे. तिने तसं समजणं थांबवलं ना, तर मग मी कोण गं? नुसता प्रेक्षकच की.

काय? तिला माहीत आहे? कधीपासून?

...कमिटीला फोन तिने केला होता? काय म्हणाली? 'त्यांनाच जनरल करा, बऱ्याच दिवसांत कुणावर ओरडले नाहीत'?

राहू दे आता, बसलीय मिशी. जा तू, तिच्याशेजारी जागा धर. आणि हे बघ, मला कळलंय हे तिला सांगू नकोस. जा म्हटलं ना!