हिरामावशींना खाली न्यायचं राहिलं

बायकांना स्कूबा शिकवते म्हणून तुम्ही माझं कौतुक करता, पण खरं सांगू, आमची शाळा टिकवली ती हिरामावशींनी. करंजा गावच्या कोळीण, आमच्याकडे मदतीला यायच्या. खांदा कॉलनीतल्या स्विमिंग पूलवर पाठीवर सिलिंडर चढवला की बायका रडवेल्या व्हायच्या. मावशी काठावरून म्हणायच्या, “घाबरू नको गो, मी हाय ना!” आणि बाई उतरायचीच पाण्यात.

एकदा मावशीच म्हणाल्या, “मना पन खाली ने. जलम दर्यावर गेला, पन खाली काय हाय ते कदी बगला नाय.”

“पुढच्या बॅचला नक्की,” मी म्हटलं. त्यानंतर चार बॅच समुद्रात उतरवायला मालवणला नेल्या. दर वेळी त्यांची जागा दुसऱ्या कुणाला दिली, कारण मला त्या काठावरच हव्या होत्या.

शेवटी गेल्या वर्षी त्यांचा फॉर्म भरला. तपासणीत हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी चाललं असतं. आता नको.”

मला मान वर करवेना. मावशी म्हणाल्या, “जाऊ दे गो. तू बगून येतेस ना? मंग नीट सांग, खाली काय हाय?”

मी सांगत बसले. दाखवायचं होतं, ते सांगावं लागलं.