त्र्याहत्तर टक्क्यांवर

...आणि वर माझाच लॅपटॉप मलाच सांगतो, 'हा संगणक पात्र नाही!' अहो, कशाला पात्र नाही? नऊ वर्षं माझ्याकडे राबतोय बिचारा! बॅटरी मेलीय, मान्य. वायर काढली की जागच्या जागी प्राण सोडतो, तेही मान्य. पण काम करतो ना? मी संशयी नाही हं, तुम्हाला सांगते, पण कालपर्यंत धडधाकट असलेलं यंत्र, नवी सिस्टिम बाजारात आली की नेमकं त्याच दिवशी म्हातारं कसं होतं?

झालं काय, औषधाच्या खोक्यात ती घडीची चिठ्ठी असते ना, बारीक अक्षरांची, जी तुम्ही कुणीच वाचत नाही... ती छापायच्या आधी मी तपासते. घरी बसून. बाळंतपणाची रजा संपत आली आणि ऑफिसातल्या मॅडमचा फोन, मधात बुडवलेला: "अगं राणी, सोमवारपासून आपलं सगळं काम नव्या सिस्टिमवर. ज्यांच्याकडे ती नसेल त्यांनी ऑफिसात येऊन बसायचं, बरं का!" आणि माझ्या घरात नऊ महिन्यांचं बोचकं! लेक हो आमची, पण ठेवाल तिथेच बसून राहते म्हणून बोचकं. तिच्या बरोबरीची पोरं घरभर लादी पुसत फिरतात, ही ढिम्म. डॉक्टर म्हणाले, "रांगेल हो, घाई काय आहे?" मी संशयी नाही हं, पण असं म्हणताना ते माझ्याकडे बघायचं सोडून पेन का शोधत होते? अशा लेकराला टाकून मी ऑफिसात जाऊ? जीव जाईल माझा! दिसेल त्याला मी हेच सांगत होते.

मग आले भावजी. माझे धाकटे दीर. जगात त्यांना कळत नाही असं काही नाही, म्हणजे निदान त्यांना तरी तसं आढळलेलं नाही. "वहिनी, एकदम सोप्पंय! नवी सिस्टिम आधी यंत्राचं वय तपासते. आपण तिला तपासूच द्यायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"छे! विचारलंच नाही तर खोटं कसं?"

बघा! हा माणूस आमच्या घरात जेवतो!

लावला पेनड्राइव्ह. लगेच पडद्यावर सूचना: यापुढच्या परिणामांची जबाबदारी सर्वस्वी आपली, सविस्तर अटी खाली वाचा. नवरा म्हणाला, "दाब ना 'हो', सगळे दाबतात." मी वाचल्या. एकतीस पानं. "अगं, औषधाची चिठ्ठी नाहीये ती!" नाहीये? मग बाविसाव्या पानावर 'क्वचित प्रसंगी' कशाला लिहिलंय? अहो, 'क्वचित' हा शब्द मी पोटासाठी वाचते! त्याच्या मागे काय काय दडलेलं असतं ते मला विचारा... पुरळापासून सुरुवात होते, आणि शेवट सांगत नाही मी.

दाबलं शेवटी 'हो'. 'संगणक बंद करू नका.' आता याची तर सगळी भिस्त वायरीवर! म्हणून लॅपटॉप जमिनीवर, प्लगच्या शेजारी, आणि समोर मी राखणीला. बारा टक्के... चाळीस... त्र्याहत्तर. आणि त्र्याहत्तरच! वीस मिनिटं! ठिपके गोल फिरत होते, पण मी संशयी नाही हं, नुसता गोल फिरणारा काम करतोच असं असतं का? आमच्या भावजींकडे बघा.

आणि तेवढ्यात बोचक्यानं एक हात पुढे टाकला. मग गुडघा. मग दुसरा हात... "रांगली! अहो, या लवकर, रांगली!" नवरा धावला, सासूबाई ओल्या हातांनी आल्या, भावजी टाळ्या पिटत, "ये, ये, शाब्बास, पुढे!" पुढे म्हणजे कुठे? त्याचं कुणाला भान! लेक सरळ वायरीपाशी गेली, मुठीत धरली आणि अशी ओढली...

पडदा काळा. टाळ्या चालूच.

संध्याकाळपर्यंत भावजी घाम पुसत होते. "वहिनी, नवी आली नाही... आणि जुनीही गेली." मॅडमला कळवलं. "हरकत नाही राणी, सोमवारी दहाला ये." सासूबाई म्हणाल्या, "जा गं खुशाल, मी आहे ना तिला." सगळं पाच मिनिटांत ठरलं.

नवऱ्यानं मात्र रात्री हळूच विचारलं, "तू तर प्लगच्या अगदी शेजारी होतीस. हात का नाही घातलास मध्ये?"

का नाही घातला? म्हटलं, आनंदाच्या भरात सुचलं नाही. म्हटलं, पहिल्यांदा रांगणाऱ्या लेकराला अडवायचं कसं? दोन्ही खरं आहे हो, देवाशपथ! मी संशयी नाही हं, तुम्हाला सांगते... पण तीन दिवस झाले, माझ्या डोक्यात एकच विचार घोळतोय, की ऑफिसात चहा गरम असतानाच प्यायला मिळतो.