नातीची पहिली आंघोळ

माझं म्हायेर गडहिंग्लजकडचं, लगीन होऊन आले ती हिकडं कळंब्याला. माझी अव्वा, म्हंजी आई, बाळ-बाळंतिनीस्नी न्हाऊ घालायची, तिच्याजवळ बसून म्या शिकले, पाटावर पाय लांब सोडून बसायचं, बाळ पायावर पालथं टाकायचं, पानी कोपरानं बघायचं. फुशारकी न्हाय मारत ताई, पन ह्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हाल्यात, आता मिशा फुटल्यात त्यास्नी, समोर दिसली की मीच वरडते, आरं तुझी टाळू म्या भरलीया.

आन् मग माझ्याच लेकीला, शालीला, सातव्या म्हयन्यात पोरगी झाली. काय सांगू तुमास्नी, तळहाताएवढी. म्हयनाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत ठिवलेली, घरी सोडताना सिस्टरनं मला म्होरं बसवून सांगितलं, मावशी, आंघोळ नाही, तेल नाही, धुरी नाही, उघड्या छातीला बांधून ठेवायचं, दर दोन तासांनी वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, पाय गार लागले की लगेच घेऊन या. म्या व्हय व्हय म्हनले. मनात म्हनले, कालची पोर ही, मला शिकवतीया.

चार दिस पाळलं. शाली दमली की म्या छातीला बांधायची. पाचव्या दिवशी शालीची सासू पोरगी बघाय आली, नाकाला पदर लावून म्हनली, काय वो इहीनबाई, गावाची पोरं न्हाऊ घालता आन् आपली नात पारोशी? लई झोंबलं मला. शाली म्हनली, आई नको गं, सिस्टरनं सांगितलंय. म्या म्हनले, गप, तुला बी म्याच न्हाऊ घातलीया.

दार लावलं, पानी कोपरानं बघितलं, बराब्बर हुतं. दोन तांबं, ज्यास्त न्हाय. पैल्या तांब्याला रडली, दुसऱ्याला रडंना. मला वाटलं, सुख लागलं पोरीला, न्हालेलं बाळ असंच गप पडतं की, तीस वर्सं बघितलेलं. धुरी दिली, दुपट्यात बांधून निजवली. शाली दूध पाजाय उठवाय गेली तर पाय गारठगार, व्हट निळं.

रिक्षात बसल्या बसल्या पोलक्याची बटनं तोडून म्या तिला छातीला लावली, सिस्टरनं सांगितलेलं तसं, पन तवा कुठं. वाचली. पन चालत न्हाय, बोलत न्हाय, मान बी धड धरत न्हाय. डागदरास्नी इचारलं, माझ्या आंघोळीनं झालं का वो, खरं सांगा. ते म्हनले, आजी, नक्की सांगता येत नाही, जन्माच्या वेळी पण झालं असेल. किती वर्सं झाली, त्योच सवाल डोस्क्यात फिरतोय. शाली एक शबूद बोलली न्हाय मला. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता अकरा वर्साची हाय, लांबलचक झालीया. दुसऱ्यांची बाळं घेनं म्या तवाच सोडलं. हिला मातूर रोज म्याच न्हाऊ घालते, पायावर मावत न्हाय, फरशीवर निजवून घालते. पैला तांब्या वतला की थांबते, तोंडाकडं बघते, आवाज काढला तिनं की मगच दुसरा. तुमची लेकरं सुखात ऱ्हाऊंद्यात ताई. माझं गुडघं आता बसू दीनात, माझ्यामागं हिला कोन न्हाऊ घालंल, एवढंच कुनीतरी मला सांगा.