बिनगेराचा ट्रॅक्टर आन् माझं साल

(सेनगाव तालुक्यातले गणपत यांनी आपल्या घराच्या ओट्यावर बसून सांगितलं, तसंच लिहून घेतलं.)

मी मूळचा मेंढरावाला बघा. आमचा बाप कनेरगाव नाक्याच्या अंगाला मेंढरं घेऊन फिरायचा, आन् मी त्याच्या मागं, हातात काठी, खांद्यावर घोंगडं, पण माझं ध्यान मेंढरात न्हाई, माझं ध्यान मोटारीत. नाक्यावर धाबे हायेत, ट्रका थांबतात, तं मेंढरं पाण्यावर लावली का मी धाब्यावर. बाप म्हणायचा, हे पोरगं आपल्या कामाचं न्हाई, ह्याच्या नाकात डिझेल गेलं. मंग मी धाब्यावर कपबशा धुवायलाच राहिलो, आन् ड्रायव्हर लोक जेवायला बसले का त्यांचा ट्रक मागं-म्होरं घेता घेता गाडी शिकलो. शिकवली कोणी न्हाई. शिव्या लय दिल्या, त्यातूनच शिकलो.

तिथंच मालक भेटले. मालक म्हणजे ज्यांच्याकडं मी आयुष्य घातलं ते. गावाचं नाव न्हाई सांगत तुम्हाला, सांगून काय करायचं, ते तिथं हायेत आन् मी इथं हाय. त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतला व्हता आन् चालवायला माणूस न्हवता, म्हणले येतो का, म्हणलं येतो. तवापासून त्यांचा सालगडी. तुमी शहरातले म्हणून सांगतो, सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाचा. कागद न्हाई, सही न्हाई. पाडव्याला मालक घरी बोलावतो, पुरणाचं जेवू घालतो, आन् साल बोलतो, म्हणजे वर्षाचं काम आन् पैसे ठरवतो, बोललं म्हणजे झालं. पण एक रीत हाय आमच्याकडं, ती ध्यानात ठेवा. कोणाला माणूस बदलायचा असंल, नाहीतर माणसाला मालक बदलायचा असंल, तं होळीलाच सांगायचं. होळी ते पाडवा ह्या मधल्या दिवसांत गडी आन् मालक एकमेकाला हुडकतात. पाडवा झाला का सगळ्या घरची सालं बोललेली, मंग तुमी कितीबी चांगला गडी असा, कोणी दारात उभं करत न्हाई. होळीला न सांगता पाडव्याला माणूस मोकळा करणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. आमच्या इकडं वैऱ्यासोबतबी कोणी असं करत न्हाई.

तं ट्रॅक्टर. जुना गाडा गेराचा, लाल रंगाचा, आवाज असा का अर्ध्या कोसावरून आमच्या बायकोला कळायचं, आला म्हणून, भाकरी टाका. नांगरट, पेरणी, हळदीचे बेड, ट्रॉलीत माल भरून हिंगोलीचा बाजार, सगळं त्याच्यावर. आन् मालकाचा संत्र्याचा बगीचा. बगीच्यातलं काम लय वंगाळ, कारण झाडापाशी थांबा, मागं घ्या, म्होरं घ्या, परत थांबा, आन् दर वेळंला क्लच. दाबा, सोडा. दिवसभर डावा पाय नुसता दाबा-सोडाच करून राहिला. तरणेपणी काही वाटलं न्हाई. मंग गुडघा बोलायला लागला. हिंगोलीच्या डाक्टरला दाखवलं, तो हिंदीत म्हणला, चाचा, क्लच छोड दो, नहीं तो घुटना आपको छोड देगा. मी म्हणलं डाक्टरसाहेब, क्लच सोडला तं साल सुटंल. तो हसला, मीबी हसलो, गोळ्या घेऊन आलो.

तर जुना गाडा थकला आन् मालकाच्या मनात नवा घ्यायचं आलं. तवा हे बिनगेराचे ट्रॅक्टर निघाले व्हते, हायड्रो का काय म्हणतात. इंजिन एका पंपाला फिरवतं, पंप तेल रेटतं आन् तेल चाकं फिरवतं. गेर बदलायचा न्हाई, क्लच न्हाई, उजव्या पायाखाली एक पायडल, म्होरं दाबलं का म्होरं, मागं दाबलं का मागं, सोडलं का उभा. शोरूमवाल्यानं एक गाडा बगीच्यात आणून दावला. पोरं म्हणली, ही तं स्कूटी हाय. मालक म्हणले, गणपत, तू चालवून बघ, तू म्हणशील तोच घ्यायचा. एवढ्या लोकांत म्हणले. माझी छाती अशी झाली बघा, खोटं काहून बोलू.

मी चालवला. आता तुम्हाला खरं सांगतो, झाडाच्या रांगेतनी तो गाडा लोण्यावाणी फिरला. डावा पाय नुसता ठेवून दिलेला, त्याला कामच न्हाई. उतरलो तं गुडघा न बोलता उतरलो, कित्येक सालांत असं झालं न्हवतं. पण मी डोळे झाकून न्हाई सांगत कधी. म्हणलं मालक, बगीच्याला हा झकास हाय, पण आपली जमीन काळी, चिकट, नांगर खाली सोडला का इंजिनाची सगळी ताकद चाकाला पाहिजे, आन् ह्याच्यात थोडी ताकद तेलातच जिरते. वर भरल्या ट्रॉलीला हा जास्ती डिझेल खाईल. आन् बिघडला तं आपला मिस्त्री ह्याला हात लावणार न्हाई, शहरातून माणूस येईल तवा येईल. म्हणून तुमी गेराचाच घ्या. माझ्या पायाचं मी बघतो.

तवा मालकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. काय सांगू तुम्हाला, इतक्या सालांत पहिल्यांदा ठेवला. म्हणले, गणपत, नांगरट भाड्यानं करून घेऊ, ट्रॉलीला भाड्याची गाडी लावू, पण तुझ्या पायानं माझ्या घरासाठी लय सोसलं, आता तुझ्या पायासाठी हाच घ्यायचा. आन् शोरूमवाल्याला म्हणले, बिनगेराचा द्या.

मी घरी आलो आन् बायकोला सांगता सांगता माझ्या डोळ्याला पाणी आलं. ती चुलीपाशी, तिनं वळूनबी बघितलं न्हाई. म्हणली, आजवर तुमच्या पायाला बामाची डबी तरी दिली का त्यानं, आन् आज एकदम ट्रॅक्टर. मी तिच्यावर ओरडलो. म्हणलं तुला माणसाचं चांगलं बघवतच न्हाई. ती म्हणली, बघवतं, पण आधी दिसायला पाहिजे.

होळी आली. पुसेगावचा एक बागायतदार, त्याच्याकडं गेराचा मोठा गाडा, त्यानं निरोप धाडला, मंग स्वतःच आला. म्हणला, गणपतराव, आमच्याकडं या, नांगरटीला तुमच्यावाणी हात न्हाई, तुमचा पाय दुखतो ते ठावं हाय, बगीच्याचं काम दुसऱ्याला देतो, तुमी फक्त मोठं काम करा. चांगला माणूस, चांगलं बोलला. मी काय म्हणलो असेन. म्हणलं, मालकानं माझ्या पायासाठी ट्रॅक्टर घेतला, आता मी त्यांना कसा सोडू, लोक तोंडात शेण घालतील. तो म्हणला, तुमच्या मालकाला एकदा विचारून तं घ्या. मी म्हणलं, विचारायचं म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यावाणी व्हतं. तो बिचारा चहा पिऊन गेला, आन् दुसरा गडी धरला त्यानं.

मला मालकानं होळीला काही म्हणलं न्हाई. म्हणजे साल कायम, असंच ना. रीतच ती.

आन् त्या दिवसांत माझं काम काय, तं मालकाच्या सूनबाईला ट्रॅक्टर शिकवायचा. मालकाचं पोरगं पुण्याला कामाला, सूनबाई इथंच, शेतीचं शिकलेली, धीट पोर, मला मामा म्हणायची. मालक म्हणले, अडीअडचणीला घरच्या माणसाला यायला पाहिजे, तू हायेसच, पण तुला कधी ताप आला, कधी पाव्हण्याकडं गेलास. बराबर बोलले, मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. मी मन लावून शिकवलं. गाड्याच्या म्होरं माल उचलायची लोखंडी बकेट असती, ती कशी उचलायची, बकेट भरलेली असली का वळायचं कसं, झाडाची मुळी कुठं असती, हळदीच्या बेडवर चाक कसं चढू द्यायचं न्हाई. गेराचा असता तं तिला सहा महिने लागले असते, मलाबी लागले व्हते. हा बिनगेराचा, पोर पंधरवड्यात तयार. मी मालकाला जाऊन कौतुकानं सांगितलं, म्हणलं, सूनबाईचा हात बसला, आता माझी काही गरज न्हाई. हसत हसत म्हणलं हो. माझ्याच तोंडानं.

पाडव्याला मी धुतलेला सदरा घालून गेलो. गुढी उभी, पुरणपोळी, तूप, मालकानं स्वतः वाढलं, घे गणपत, अजून घे. जेवलो. हात धुतले. म्हणलं, मालक, साल बोलायचं का. तं म्हणले, ह्यापुढं साल नको बोलायला, गणपत. मला वाटलं मस्करी. म्हणलं काहून. म्हणले, आता गाडी घरचेच चालवून राहिले, नांगरट भाड्याची, तं गडी ठेवून करायचं काय. आन् तुझ्या पायालाबी आराम.

जेवायच्या आधी न्हाई सांगितलं बघा. जेवल्यावर सांगितलं. मीठ पोटात गेल्यावर माणसाला तोंड उघडता येत न्हाई, हे त्यांना ठावं. तरी मी उघडलं. म्हणलं, मालक, मंग हे होळीला काहून न्हाई सांगितलं, मला पुसेगावचं काम व्हतं, तुमच्यापायी न्हाई म्हणलं मी त्याला. तं काय म्हणले असतील. म्हणले, होळीला सूनबाईला बराबर येत न्हवतं.

असं. सरळ. काही लपवलं न्हाई, खाली मान न्हाई, जसं काही पाऊस आला न्हवता म्हणून पेरलं न्हाई, तसं. त्यांना हे वाईटच वाटत न्हवतं, ह्याचंच मला लय लागलं. मी म्हातारा झालो म्हणून काढलं असतं तं मी गेलो असतो. गाडी घरी चालवायची, तू जा, असं होळीला म्हणले असते तं पाया पडून गेलो असतो. पण माझ्या पायाचं नाव घ्यायचं न्हवतं. दुखणं माझं, ते दाखवून गाडी घेतली, ते दाखवून मला थांबवलं, माझ्याकडून शिकून घेतलं, आन् मला काढतानाबी तेच दाखवलं.

घरी आलो तं बायको दारातच व्हती. मला वाटलं आता म्हणंल, सांगितलं व्हतं. पण तिनं पाणी दिलं, आन् माझा सदरा काढून घेऊन घडी करून ठेवला.

तुमी विचारताल, तो गाडा नीट चालतो का. चालतो. एकदम झकास चालतो, कशाला खोटं बोलू. लोकांना वाटतं मी म्हणेन, बंद पडला, बरी जिरली. न्हाई पडला. गाडीचा काय दोष. सूनबाई भेटली व्हती एकदा रस्त्यात, संत्री भरून चालली व्हती, मला बघून गाडा उभा केला. म्हणली, मामा, मला घरी सांगितलं का तुमीच सोडून चालले, पाय दुखतो म्हणून. तिच्या डोळ्यात पाणी. तिलाबी माझ्या पायाचंच सांगितलं व्हतं. ती लेकरू हाय, तिला काय बोलायचं. म्हणलं, भरली बकेट घेऊन उतारावर पायडल एकदम सोडत जाऊ नको, गाडा झटका देतो. व्हय मामा म्हणली.

आता रोजानं जातो. हळद काढायला, कोणाचं ट्रॉलीचं काम असंल तं तिथं. पुढच्या होळीला बघू कोण विचारतं, गुडघ्याचं तं सगळ्या तालुक्याला ठावं झालं.

परवा औंढ्याकडचा एक जण आला, सोबत त्याचा सालगडी. म्हणला, तुमी दोन्ही गाडे चालवले, सांगा, गेराचा घेऊ का बिनगेराचा. म्हणलं, बगीचा जास्ती असंल तं बिनगेराचा, नांगरट जास्ती असंल तं गेराचा, ह्यात काही गुपित न्हाई. मंग त्याच्या गड्याला विचारलं, चालवणार कोण, तू का. तो मालकाकडं बघायला लागला. मालक म्हणला, सध्या हाच, पुढं बघू. मी म्हणलं, मंग आधी ह्याचं साल बोला, ह्याच्या समोर बोला, आन् मंग गाडी बघायला ह्याला न्या. तो माणूस रागानं उठला, चहा तसाच ठेवला. गडी बसून राहिला. त्यानं स्वतःचा चहा पिला, मालकाचाबी पिला, मंग गेला.

काल नागनाथाला गेलो व्हतो, मी आन् आमची. दर्शनाच्या रांगेत मी म्हणत व्हतो, लेकराबाळाचं बरं कर, सूनबाईचं बरं कर, त्या पुसेगाववाल्याचं बरं कर. बायको म्हणली, मालकाचंबी म्हणा, देवापाशी काय जातं. मी तिला म्हणलं, म्हणेन, पण ह्या साली न्हाई.