ललितामावशीचा खाजणारा चट्टा

आजच्या सभेच्या अध्यक्षा सरपंच इंदुताई, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, सत्कारमूर्ती भैयाजी सर आणि पंगतीची वाट पाहत बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

भैयाजी सरांनी तीस वर्षं सायकलवर फिरून कुष्ठरोगी शोधले. आज ते निवृत्त होत आहेत. लाभार्थ्यांच्या वतीनं बोलायला मला उभं केलं. मी दहावीनंतर राजुऱ्याच्या खाणीवर, मार्कंड्याच्या जत्रेत, गाडी नेईल तिथं राहिलेला माणूस. जत्रेत तर मी पाळणा फिरवत होतो, पण ते असू द्या.

सर शाळेत येऊन सांगायचे, "जो चट्टा खाजत नाई, दुखत नाई, तो मले दाखवा." शाळेतलं मला तेवढंच धड पाठ आहे.

माझ्या ललितामावशीच्या पाठीवर चट्टे उठले, तेव्हा कुष्ठरोगी शोधायची मोहीम सुरू होती. सरांनी तिला डोळे मिटायला लावले, चट्ट्यांवर पेनाचं टोक टेकवलं. ती दरवेळी म्हणाली, "इथी." मग म्हणाली, "भाऊ, लय खाजते न मले."

सर म्हणाले, "उद्या आकडा द्याचा हाय, बाई. सालभर गोळ्या घे. काई बिघडत नाई."

बिघडलं ना. गोळ्यांनी ती काळी पडली, चट्टे वाढत गेले. घरच्यांनी ताट वेगळं केलं. कुष्ठ असलं तरी ताट वेगळं करायचं नसतं, हेही सरच शिकवायचे.

तीन वर्षांनी मी तिला ब्रह्मपुरीहून नागपूरला नेलं. कातडीचा तुकडा तपासला. लिम्फोमा निघाला. अंगातल्या राखणदार पेशीच फितूर होऊन कातडीत ठाण मांडतात, असा कॅन्सर. आता आठवड्यातून तीनदा इंटरफेरॉनची सुई. उरलेल्या राखणदारांना जागं करायची दवा, इम्युनोथेरपी म्हणतात तिला. लवकर आली असती, तर नुसत्या यंत्रातल्या उजेडाच्या शेकावर भागलं असतं म्हणे. सुईनंतर ताप भरतो, पण अर्धे चट्टे गेले. हा रोग कोणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद मी घरी वाचून दाखवला. ताट वेगळंच आहे.

मानपत्रात सरांनी तीनशे बारा रुग्ण शोधल्याचं लिहिलं आहे. टाळ्या मीही वाजवल्या. फक्त तीनशे अकरा करा.

आज जेवण पत्रावळीवर आहे, सगळ्यांच्या पत्रावळी सारख्याच. सर, मावशीच्या शेजारी बसा.

बोलू दिलंत, आभारी आहे. माझं कमीजास्त झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. सरांचं पोटात घालायचं का, ते तिला विचारा. ती मागं दाराशी बसली आहे.