वासराचं तोंड

गिरधर : नाही, तू आधी स्टुलावरून खाली उतर. इथे माह्याजवळ, ट्रकच्या मागे उभा राह्य. आता पाह्य अन् मले सांग, हे वासरू कोठी पाहून राह्यलं?

देवचंद : दिसतंय आबा.

गिरधर : दिसतंय ना? मग तोंडानं सांग.

देवचंद : रस्त्याकडे.

गिरधर : रस्त्याकडे! गाय बिचारी मान वळवून चाटायले उभी, अन् वासरू भलतीकडेच. तिसरा ट्रक आहे हा माह्या. पहिल्या वेळी म्हटलं, जाऊ दे, पेंटरच्या मनात काही नवीन असंल. दुसऱ्या वेळी हात जोडून सांगतलं, बापा, वासराचं तोंड गाईच्या कासेले लाव, जसं बठ्ठ्या दुनियेच्या ट्रकवर असते तसं. लावलं तू?

देवचंद : खडूनं बरोबर आखलं होतं. तुमच्या ड्रायव्हरला विचारा, नथ्थूनं पाहिलंय.

गिरधर : नथ्थूलेच तर ऐकून घ्या लागते! रावेरची केळी घेऊन दिल्लीच्या मंडीत उभा राह्यला की मागच्या गाडीवाला विचारतो, क्यूं भाई, ये बछड़ा किसी और का है क्या? माह्या गाडीच्या पाठीवर दुसऱ्याचं वासरू!

देवचंद : खडूनं आखतो तेव्हा तोंड कासेलाच असतं. रंग भरायला लागलो की फिरतं.

गिरधर : फिरतं? ब्रश आहे का बैल आहे, आपोआप फिरायले?

देवचंद : कसं सांगू तुम्हाला. मलाच कळत नाही, म्हणून तर डोकं उठतं. आबा, ब्रश हातात घेतला की मी डोकं बाजूला ठेवतो. मग हात चालतो. त्या गाईच्या नाकपुडीवरचा ओलावा बघा. तो मी ठरवून नाही काढला. पापणीही नाही. ठरवलं की बिघडतं.

गिरधर : मग बिघडू दे ना! मले बिघडलेलं चालंल, पण सरळ पाह्यजे.

देवचंद : परवा दिलं होतं की काढून. कॅलेंडर समोर ठेवलं, चौकटी पाडल्या, एकेक चौकट बघून उतरवली. वासरू कासेलाच लावलं. तुम्हीच पुसायला लावलं.

गिरधर : ती गाय होती का? शिंगं लावलेलं कपाट होतं ते! आमच्या घरातले आले होते पाहायले, तर ते म्हणे, इले कोणी चारा घातला नाही का?

देवचंद : मग मी काय करायचं? जिवंत पाहिजे तर वासरू असं पाठ फिरवतं. सरळ पाहिजे तर कपाट मिळेल. दोन्हीतलं एक सांगा, नाहीतर दुसरा पेंटर बघा.

गिरधर : पाह्यला. भुसावळचा. त्याच्या गाईले मिशा आल्या. अरे, तुह्या गाईच्या डोळ्यात पाह्यलं की मले माह्या गोठ्यातली दिसते, म्हणून तर तुह्या दारात येतो. नाहीतर काय हौस आहे मले रावेरहून जळगावले चकरा मारायची? ह्या आल्या तुह्या घरच्या डबा घेऊन. या कलाबाई, तुम्हीच सांगा आता तुमच्या नवऱ्याले.

कलाबाई : जयभीम आबा. काय झालं? परत तेच वासरू?

गिरधर : परत? म्हणजे तुम्हाले माहीत आहे हे?

कलाबाई : रोज पिंप्राळ्याहून डबा घेऊन येते मी. मला डोळे आहेत. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यापासून या आवारातून जेवढे ट्रक बाहेर पडले, त्यातल्या एकावरचंही वासरू गाईकडे बघत नाही. त्याआधीची सगळी बघतात. तुम्ही एकटे बोललात, बाकीच्यांना पत्ताच लागला नाही, तसेच घेऊन गेले.

देवचंद : कला, डबा ठेव अन् घरी जा.

कलाबाई : नाही जात.

गिरधर : थांबा, थांबा. चौऱ्याऐंशीले काय झालं?

देवचंद : काही नाही झालं.

कलाबाई : ऐका! काही नाही म्हणे. आमची मधली पोर, सुजाता. चार वर्षांची होती. यांनी धुळ्याला नेऊन मोठ्या भावाला देऊन टाकली. आता सात वर्षं होतील. ते काही नाही!

गिरधर : देऊन टाकली म्हणजे? दत्तक?

देवचंद : भाईदासदादाला मूलबाळ नाही. आम्हाला तीन. आबा, बाप गेला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. दादानं शाळा सोडली, हमाली केली अन् मला चित्रकलेच्या परीक्षेला बसवलं. हा हात आहे तो त्याच्यामुळे आहे. त्या माणसानं आयुष्यात एकदा तोंड उघडून काही मागितलं. नाही कसं म्हणू?

कलाबाई : नाही म्हणा, असं मी कुठं म्हटलं? मला विचारा तर! मी भांडी घासत होते. आत येऊन म्हणाले, सुजूचे कपडे भर.

गिरधर : अन् तुम्ही भरले?

कलाबाई : भरले. तेच तर खातं मला. एक फ्रॉक वाळत होता, अजून ओला होता, तोही घडी करून भरला. भांडायला पाहिजे होतं, तेव्हा मी घड्या घालत बसले.

देवचंद : झालं ना आता सांगून? आबा, तुम्ही संध्याकाळी या. मी परत पुसतो.

कलाबाई : पुसा, अजून सात वर्षं पुसा! आबा, मी वर्षातून दोनदा धुळ्याला जाते. माझी पोर मला काकू म्हणते, ते मी सोसलं. पण हा माणूस तिला भेटायला एकदा गेला नाही. घरात तिचं नाव काढत नाही. मी काढलं तर उठून अंगणात जाऊन उभा राहतो. बोलायचं तिथे बोलत नाही अन् दिल्लीपर्यंतच्या रस्त्याला सांगत सुटलाय.

देवचंद : काय सांगत सुटलोय? वासराचा अन् तिचा काय संबंध? शपथेवर सांगतो, गाय काढताना सुजूचा विचारसुद्धा माझ्या मनात नसतो.

कलाबाई : तेच म्हणतेय मी! दारातून येऊ देत नाही तुम्ही तिला, म्हणून ती मोरीतून शिरते.

गिरधर : पण बाई, मले एक समजत नाही. वासरानं तोंड फिरवलं, म्हणजे पोर रुसली होती का जाताना?

कलाबाई : रुसली कशाला? हसत राहिली. यांनीच येऊन सांगितलं ना मला. जिलबी खाल्ली, पार्वताबाई वहिनींच्या कडेवर बसली अन् हसत टाटा केला. त्या एका टाट्यावर सात वर्षं काढली मी.

गिरधर : मग ठीक झालं की. आता काहून रे देवचंद, मान खाली घातली?

देवचंद : टाटा नाही केला तिनं.

कलाबाई : काय?

देवचंद : टाटा नाही केला. मी निघालोय हे तिला माहीतच नव्हतं. ओट्यावर बसली होती. समोरून अस्वलवाला चालला होता, ती त्याच्याकडे बघत होती. तोंड पलीकडे. वहिनीनं मला खुणावलं, आत्ताच निघा. पिशवी उचलली अन् मागच्या दारानं निघालो.

कलाबाई : सांगितलं नाही तिला?

देवचंद : सांगितलं असतं तर निघता आलं नसतं. घराला वळसा घालून गल्लीत आलो, तर मागून तिचा आवाज आला.

कलाबाई : रडत होती?

देवचंद : नाही. सोड ना आता.

कलाबाई : काय म्हणाली ती?

देवचंद : म्हणाली, बापू, अस्वल बघ ना. मी मागेच बसलोय असं समजून मला दाखवत होती. दोनदा म्हणाली. बापू, अस्वल बघ ना. मग मी पळालो.

गिरधर : अरे बापा.

कलाबाई : सात वरीस! सात वरीस माले खोटं सांगं तुम्ही! मनी पोर शे ती, मनी आंडेर शे! हसत टाटा केला म्हणे! हौस म्हणून सांगितलं का ते मला?

देवचंद : तू झोपावीस म्हणून सांगितलं. अन् मग मागे घेता येईना.

गिरधर : बाई, पाणी घ्या आधी. बसा त्या टायरवर.

कलाबाई : नाही बसत. अहो, उठा. हात धुवा. धुळ्याला जायचंय.

देवचंद : आत्ता? रंग ओला आहे. अन् आबांचा ट्रक...

गिरधर : उद्या नथ्थू धुळ्याले चालला टायर आणायले. त्याच्यासंगं जा ना, आरामात.

कलाबाई : उद्या हे परत स्टुलावर चढून बसतील. आत्ता.

गिरधर : अन् जाऊन काय करणार? पोर परत मागणार भावाले?

कलाबाई : नाही. अकरा वर्षांची झाली ती. तिची शाळा तिथे, मैत्रिणी तिथे, वहिनी तिच्यावाचून घास घेत नाही. एकदा तोडली ती पुरे. यांनी फक्त तिच्यासमोर उभं राहायचं, काय केलं ते सांगायचं अन् सांगून निघायचं. बस.

देवचंद : काय सांगू तिला? शब्द कुठून आणू?

कलाबाई : आत्ता आबांपुढे कुठून आणले? तिथूनच.

गिरधर : काय दिवस आहे पाह्य. आलो होतो वासरू सरळ करून घ्यायले, अन् आता पेंटरले त्याच्या पोरीकडे सोडायले निघालो. चढा केबिनमधी दोघं. हे गाडी मीच नेतो.

देवचंद : आबा, रंग वाळला नाही. एरंडोल येईपर्यंत धूळ बसेल गाईवर.

गिरधर : बसू दे. गाय आहे, धुळीतच राहते. अन् त्या वासराले आता हात लावू नको. पुसशील अन् पुन्हा कपाट काढून ठेवशील.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळ्यात, भाईदासच्या घराचा ओटा.)

सुजाता : काकू, काकांना बरं नाही का? काल आल्यापासून माझ्याकडे बघतात अन् पाणी मागतात. चार तांबे पिऊन झाले त्यांचे.

कलाबाई : पाणी नकोय त्यांना. तुला काहीतरी सांगायचंय. जेवताना सांगतो म्हणाले, मग म्हणाले अंथरुणं घातल्यावर, मग म्हणाले सकाळी. आता चपला घालून उभे आहेत. शाई संपलेल्या पेनासारखा माणूस आहे हा, झटकल्याशिवाय उमटत नाही.

सुजाता : बोलता येत नसेल तर चित्र काढून दाखवा ना काका. पप्पा सांगतात तुम्ही खूप भारी काढता.

कलाबाई : चित्र नको! चित्रं पुष्कळ झाली. अहो, तोंडानं सांगा.

देवचंद : सुजू, तू चार वर्षांची होतीस, तेव्हा मी तुला इथे आणलं होतं.

सुजाता : माहीत आहे मला. मम्मी-पप्पांनी कधीच सांगितलंय. तुम्ही माझे आधीचे बापू. माझ्या मैत्रिणींनापण माहीत आहे.

देवचंद : ते नाही. त्या दिवशी मी निघालो, तेव्हा तुला सांगितलं नाही. तू इथेच बसून अस्वल बघत होतीस. अन् मी मागच्या दारानं गेलो.

सुजाता : कुठलं अस्वल?

देवचंद : अस्वलवाला आला होता. त्या लिंबाखालून गेला. तू मला म्हणालीस, बघ ना.

सुजाता : मला नाही आठवत.

देवचंद : काहीच नाही?

सुजाता : अस्वल असतं तर आठवलं असतं ना! कुणाच्या तरी हाताला रॉकेलचा वास यायचा, एवढं आठवतं. बाकी काही नाही.

देवचंद : तो मीच. रंग निघत नाही, म्हणून रॉकेलनं हात धुतो.

सुजाता : हो? मला वाटायचं स्टोव्हचा असेल. दाखवा बरं. हां, हाच.

कलाबाई : पुढे बोला हो. साडेनऊची एसटी जाईल.

देवचंद : चुकलं माझं सुजू. तुला सांगायला पाहिजे होतं. तू रडली असतीस तरी सांगायला पाहिजे होतं.

सुजाता : बरं.

देवचंद : म्हणून आज सांगतोय. मी निघतो आता.

सुजाता : बरं, या.

देवचंद : जळगावला चाललोय. साडेनऊच्या गाडीनं.

सुजाता : हो काका, कळलं मला.

देवचंद : तुझी परीक्षा झाली की परत येईन. तेव्हापण जाताना सांगून जाईन. निघतो मग.

सुजाता : काकू, हे अजून किती वेळा निघणार आहेत?

कलाबाई : मला नको विचारू बाई. माझं डोकं कालच संपलं.

देवचंद : हा निघालोच. सुजू, निघतो मी.

सुजाता : अहो, जा ना मग! उभेच आहात खांबासारखे. थांबा, चप्पल घालते. गाडीत बसवूनच येते तुम्हाला, तुमचं काही खरं नाही.