सूचना क्रमांक अठरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, नगराध्यक्ष बोझिलोव साहेब, बालगृहाच्या संचालिका वेलेवा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आणि दुपारचं काम टाकून माझ्यासाठी आलेल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांनी माझं वय जाहीर करून टाकलं, त्याबद्दल त्यांचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. दुभाषी म्हणून सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं बोलले. स्वतःचं बोलायची सवय नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

वेलेवा मॅडमनी माझ्या त्या पुस्तिकेचं फार कौतुक केलं. मूल दत्तक घ्यायला परदेशातून आपल्याकडे येणाऱ्या पालकांसाठी एकतीस सूचना. त्यातल्या बऱ्याचशा अजूनही चांगल्या आहेत, हे मी नम्रपणे सांगते. अंगावरचे कपडे बालगृहाचे असतात, ते परत द्यावे लागतात, म्हणून अंतर्वस्त्रांपासून टोपीपर्यंत सगळं घेऊन या. बूट एक माप मोठे आणा. पहिल्या भेटीत मिठी मारायची घाई करू नका, खाली बसा, मूल येईल. राजधानीत, सोफियात, पासपोर्टसाठी चार दिवस धरा, कुणी दोन म्हणालं तरी. गाडीत उलटीसाठी पिशवी ठेवा. या मुलांनी गाडी फक्त खिडकीतून पाहिलेली असते.

पण अठरावी सूचना? ‘निरोप लांबवू नका. फिरायला जातोय असं सांगून शांतपणे निघा.’ ही सूचना मला कुठे सुचली, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगते, आणि सांगताना मान वर करवत नाही.

सतरा वर्षांपूर्वी इटलीतल्या बेर्गामोहून ओर्नेल्ला आणि फिओरेन्झो हे जोडपं आलं होतं, पाच वर्षांच्या ज्लातिनाला न्यायला. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका मुलीने निघताना असा आकांत मांडला होता, की तिची नवी आई पायरीवर बसून रडत होती. मला पुन्हा तो तमाशा नको होता. खरं सांगायचं तर मला माझं काम नीटनेटकं दिसायला हवं होतं.

निघायची वेळ झाली. पाहते तर त्सोन्कामावशी दारात, हातात पाण्याचं भांडं. बालगृहात ज्लातिनाला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. निघणाऱ्याच्या वाटेवर पाणी ओतायचं, म्हणजे वाट सुरळीत जाते, हे आपल्यात कुणाला सांगावं लागतं? आणि बालगृहातल्या पोरांना तर पक्कं ठाऊक, पाणी ओतलं की माणूस परत येत नाही.

मी म्हटलं, ‘‘अगं बये, ठेव ते भांडं! पोरीला कळेल.’’

‘‘कळू दे की. जातेच आहे ती. चोरून नेताय का?’’

‘‘रडून गोंधळ घालेल. तू धुण्याच्या खोलीत जाऊन बस. गाडी गेली की ये.’’

ती गेली. मी पदाने मोठी, काय करणार होती ती? मी ज्लातिनाला सांगितलं, बाजारात जाऊन येऊ. ती म्हणाली, ‘‘मग त्सोन्काला सांगा, माझं सूप गरम ठेव.’’ ओर्नेल्लाने विचारलं, काय म्हणतेय? मी म्हटलं, भूक लागलीय तिला.

पोरगी रडली नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी घरी जाऊन अठरावी सूचना लिहिली.

दोन महिन्यांनी ओर्नेल्लाचं पत्र आलं. मुलगी बूट काढत नाही, दाराशी बसून राहते, एकच वाक्य म्हणते. ते तिने कानाला ऐकू आलं तसं लिहून पाठवलं होतं. ते सुपाचंच वाक्य होतं. मी उत्तर लिहिलं, सवय आहे, जाईल. आणि त्सोन्कामावशी दर सोमवारी विचारायची, ‘‘आलं का काही माझ्या पोरीचं?’’ तिला सांगितलं, ‘‘मजेत आहे.’’ लाज वाटते हो. मंडळी, ती पुस्तिका किती घरांत गेली असेल? मी मोजायला धजत नाही.

गेल्या महिन्यात ज्लातिनाने स्वतः पत्र लिहिलं. बावीस वर्षांची आहे आता. आपली भाषा विसरलीय. तक्रार काही नाही, एकच प्रश्न आहे: त्या दिवशी त्सोन्का माझ्यावर रागावली होती का? निरोप द्यायला बाहेरसुद्धा आली नाही.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते उत्तर जिने द्यायचं, तिला आधी हे सगळं कळायला हवं होतं, आणि एकटीने तिच्यापुढे उभं राहायचा मला धीर झाला नाही. म्हणून इतक्या लोकांच्या आडोशाने बोलते आहे. हाही भित्रेपणाच.

वेलेवा मॅडम, नव्या आवृत्तीत अठराव्या जागी एवढंच छापा: मुलाला खरं सांगा, आणि ज्यांनी वाढवलं त्यांना निरोप घेऊ द्या, कितीही वेळ लागो.

आपण सर्वांनी शाल, फुलं, खायला गरम बानित्सा, सगळं केलंत. मी मनापासून आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. आपण बाकीच्यांनी घालावं. पण त्सोन्कामावशी, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहात, तुम्ही नका घालू. पत्र माझ्या पर्समध्ये आहे. तिला काय सांगायचं ते तुम्ही बोला, माझ्याबद्दलही जे वाटेल ते बोला. मी इटालियनमध्ये लिहून देईन. या वेळी एकही शब्द न गाळता.